गीझर बंद, तोंडही बंद

तमाम वाचकवर्गास अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाच्या राहत्या घरातील गीझर गेल्या दिवाळीनंतर लेखकाने स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता बंद केला. गीझर बिघडलेला नव्हता. वीज गेलेली नव्हती. लेखकाचे डोकेही, निदान डॉक्टरांच्या मते, ठिकाणावर होते. तरीही हे घडले. कृपया सर्वांनी आपापल्या जागी शांत बसून घ्यावे.

माफ करा, सवय आहे. सुप्याच्या एका कारखान्यात मी दिवसभर स्टोअर सांभाळतो, पण नगरमध्ये मला ओळखतात ते माईकमुळे. (शहराचं नाव बदललंय हे मला माहीत आहे. स्टेजवरून मी अहिल्यानगरच म्हणतो. घरात तोंडातून नगरच निघतं.) लग्न, साखरपुडा, शाळेचं गॅदरिंग, कोणाचा सेवानिवृत्तीचा सत्कार, कुठेही सूत्रसंचालन माझ्याकडे. माईक हातात आला की मला वेळेचं भान राहत नाही. एका सत्कारात मी सत्कारमूर्तींची ओळख इतकी रंगवली की त्यांना स्वतःला बोलायला वेळच उरला नाही. ते अजून रस्त्यात दिसले की मान फिरवतात. सांगायचा मुद्दा, देवाने मला अवयव बरेच दिले, पण चालतो तो एकच, जीभ.

आणि नेमक्या ह्याच माणसाला गावाहून चुलत्यांचा फोन आला की यंदाचा पाण्याचा मान तू घ्यायचा.

पाण्याचा मान म्हणजे काय ते सांगतो. आमचं गाव मिरजगावच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं की लागतं. गावात खंडोबाचं देऊळ, आणि गावाबाहेर एक बारव, म्हणजे खाली पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या असलेली जुनी विहीर. चंपाषष्ठीला, म्हणजे ऐन मार्गशीर्षाच्या थंडीत, उजाडायच्या आत आमच्या भावकीतला एक माणूस बारवेत उतरतो. त्याच्या डोक्यावर बारवेचं पाणी ओततात. मग त्याने ओलेत्याने तांब्याची घागर भरायची, खांद्यावर घ्यायची, अनवाणी देवळापर्यंत चालायचं आणि देवाला पाणी घालायचं. डोक्यावर पहिलं पाणी पडल्यापासून देवावर घागर रिकामी होईपर्यंत त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला की मान गेला. घागर तिथल्या तिथे उतरवून घेतात, आणि मान जातो भावकीच्या दुसऱ्या पातीकडे, म्हणजे शाखेकडे.

आमची थोरली पाती, त्यांची धाकटी. डोक्यावर पाणी ओततात ते धाकट्या पातीचे लोक. वाटेने बरोबर चालतात तेही तेच. मान असलेल्याला बोलतं करायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. अंगाला हात लावायचा नाही आणि आईवरून काही काढायचं नाही, एवढी दोन पथ्यं सोडली तर काहीही चालतं. हे का सुरू झालं ते गावात कोणालाच नीट सांगता येत नाही. जे सांगतात ते दोघे सांगायला बसले तर तीन गोष्टी निघतात.

मान आमच्याकडे आला तोही असाच. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. धाकट्या पातीचा एक धिप्पाड गडी घागर घेऊन चालला होता. देवळाच्या पायरीजवळ त्याच्या टाचेत बाभळीचा काटा गेला आणि तो म्हणाला, ‘आई गं.’ बस. ‘आई गं’ हा शब्द आहे की नुसतं कण्हणं, यावर पंचांनी बराच खल केला आणि शब्द आहे असं ठरवलं. घागर उतरली ती माझ्या चुलत्यांच्या खांद्यावर चढली. तेव्हापासून दर वर्षी तेच उतरत होते. पण आता गुडघे गेले. बारवेच्या पायऱ्या भरल्या घागरीने चढणं त्यांच्याच्याने होईना. त्यांना मुलगा नाही. मुली लांब दिल्या. धाकट्या पातीत उघड बोलणं सुरू झालं होतं की म्हाताऱ्याचं झालं, आता मान आपसूक आपल्याकडे येतोय, कशाला घाई करता.

‘मान कदी तरी जानारच हाय,’ काका फोनवर म्हणाले. ‘पन मी जिता असताना नको.’

यावर मी काय बोलणार? एरवी मी कशावरही बोलतो. त्या दिवशी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. मग बायकोकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. मार्गशीर्षातली पहाट, उघडा मी, आणि डोक्यावर पडणारी गार पाण्याची घागर.

आता माझी एक अडचण जाहीर करतो. मी चंपाषष्ठीला गावाला दर वर्षी जातो, पण दुपारच्या पंगतीला. वांग्याचं भरीत आणि भाकरी पानात पडायच्या वेळी मी बरोबर हजर असतो. पहाटेचा सोहळा मी जन्मात पाहिला नव्हता. वडील शिक्षक, बदल्यांमध्ये आम्ही तालुक्यातालुक्यातून वाढलो, त्यामुळे बारवेशी माझी ओळख दुपारच्या उन्हात वरून डोकावण्यापुरतीच. आणि गार पाण्याशी ओळख तर मुळीच नाही. मी उन्हाळ्यातही कोमट पाण्याने अंघोळ करणारा. साधं बेसिनमध्ये गार पाणी तोंडावर मारलं तरी माझ्या तोंडातून ‘हाऽऽ’ निघतं. ‘आई गं’ला मान गेला होता. ‘हाऽऽ’ला पंच काय म्हणतील, याची कल्पना मला झोपू देईना.

म्हणून गीझर बंद.

आधी डॉक्टरांना विचारलं, कारण पन्नाशी जवळ आली की माणूस नळाखाली जातानाही कुणाला तरी विचारून जातो. त्यांनी रक्तदाब बघितला, छातीला नळी लावली, आणि म्हणाले, करा, पण एकदम डोक्यावर घेऊ नका. आधी पाय, मग हात, मग खांदे. श्वास कोंडू नका. छातीत काही वेगळं वाटलं तर सरळ बाहेर या. मी मान हलवत होतो आणि मनात म्हणत होतो, डॉक्टरसाहेब, तिथे आधी डोक्यावरच ओततात, आणि बाहेर यायचं म्हणजे मान घालवून यायचं.

पहिल्या दिवशी मी शॉवरखाली उभा राहिलो. आमच्या बिल्डिंगची टाकी गच्चीवर आहे, काळी प्लास्टिकची. रात्रभर उघड्यावर गारठलेलं ते पाणी पाइपातून खाली येतं तेव्हा त्याच्या मनात नेमकं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी पाय पुढे करायच्या ऐवजी घाबरून नळच पूर्ण फिरवला. जो आवाज निघाला तो ‘हाऽऽ’ नव्हता. त्याला अक्षरं नाहीत. खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ लाकडी दांड्याचा झाडू घेऊन धावत वर आले. त्यांची खात्री होती की मला शॉक लागला आहे आणि मला लाकडाने दूर ढकललं पाहिजे. बायकोने त्यांना चहा दिला. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तेव्हा ते झाडू मांडीवर आडवा ठेवून चहा पीत होते आणि माझ्याकडे जरा निराशेने बघत होते.

त्या दिवसापासून बायको रोज न्हाणीघराच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसायला लागली. तिची अडचण वेगळी होती. मी ओरडलो तर तिला कळायचं की मी जिवंत आहे. पण मला तर न ओरडण्याची तयारी करायची होती, आणि आतून आवाज आला नाही की तिचा जीव वरखाली व्हायचा. शेवटी आम्ही एक खूण ठरवली. तिने दार वाजवायचं. मी तांब्या बादलीवर एकदा टणकन वाजवायचा. एकदा म्हणजे ठीक. दोनदा म्हणजे दार उघड.

‘आणि दोन्ही हातांनी काही धरता आलं नाही तर?’ तिने विचारलं.

‘मग वाजणार नाही.’

‘मग मला काय समजायचं?’

पुढचे सगळे दिवस पहाटे आमच्या घरातून टण, टण असे आवाज येत राहिले. खालच्या गृहस्थांनी विचारणं सोडून दिलं होतं.

गार पाण्याची सवय होते का? होते. पण ज्या क्रमाने होते असं लोक सांगतात त्या क्रमाने नाही. अंगाला सवय आधी होते. मनाला मात्र रोज सकाळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पाणी एकदा पडलं की दोन-चार श्वासांत अंग समजून जातं, बरं बुवा, आज पण हेच आहे तर. खरा छळ आहे तो नळावर हात ठेवून उभं राहण्याचा. मी तिथे उभा राहून छतावरच्या बल्बचा अभ्यास केला आहे. फरशीच्या फटी मोजल्या आहेत. रात्री अंथरुणात पाठ टेकली की मला उद्याचा नळ आठवायचा, आणि मग पांघरूण कितीही ओढलं तरी पाय गार ते गारच.

कारखान्यातल्या एका तरुण ऑपरेटरने, तो रोज व्यायाम करतो, मला एक युक्ती सांगितली. पाणी पडताना श्वास आत ओढला की आवाज निघणारच. म्हणून पाणी पडायच्या क्षणी श्वास सावकाश बाहेर सोडायचा, गरम चहावर फुंकर घालतो तसा. ही युक्ती लागू पडली. आधी पायांवर, मग खांद्यांवर, आणि शेवटी डोक्यावर. मी फुंकर घालत उभा राहायला शिकलो. समोर चहा नाही एवढंच दुःख.

काकांचा रोज संध्याकाळी फोन असायचा. त्यांना मी ‘तयारी चालू आहे’ एवढंच सांगत होतो. गार पाण्याने अंघोळ करायला शिकतोय हे सांगायची मला लाज वाटत होती. ज्या माणसाने इतकी वर्षं बारवेत उतरून मान राखला त्याला मी काय सांगू, की तुमचा पुतण्या नळाला घाबरतो? एकदा मात्र न राहवून मी आडून विचारलं, की काका, तुम्हाला पहिल्यांदा पाणी पडलं तेव्हा काय वाटलं होतं?

‘पान्याचं काय घिऊन बसलास?’ ते म्हणाले. ‘पान्याचं काय न्हाई. तू तोंडाचं बघ.’

मला भरून आलं. काय ती पिढी, मी मनाशी म्हणालो. गारठ्याला गारठा न म्हणणारी. मी फोन ठेवून पाण्याची भीती दुप्पट वाढवून घेतली.

आणि मग, चंपाषष्ठी तोंडावर आलेली असताना, थंडी अचानक वाढली. नगरच्या रस्त्यांवर सकाळी शेकोट्या दिसायला लागल्या. मी एव्हाना जरा ताठ्यात होतो. कारखान्यात दोघांचौघांना मी गार पाण्याचे फायदे समजावून सांगितले होते, हातवारे करून. त्या सकाळी त्याच ताठ्यात नळ फिरवला. पाणी नव्हतंच ते. सुऱ्या होत्या. फुंकर कुठल्या कुठे गेली आणि माझ्या तोंडातून स्वच्छ, खणखणीत, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे दोन शब्द निघाले. ‘आई गं.’

तेच. नेमके तेच.

मी तांब्या एकदा वाजवला. बाहेर आलो तेव्हा बायको म्हणाली, काकांना सांगून टाकू. त्यांना वाईट वाटेल, पण सगळ्या गावासमोर घागर उतरवून घेतली तर त्याहून जास्त वाटेल. ती बरोबर बोलत होती. मी फोन हातात घेतलाही. पण ‘मी जिता असताना नको’ हे वाक्य कानात होतं. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी परत नळाखाली गेलो.

आदल्या संध्याकाळी आम्ही नव्या गाडीने गावी पोचलो. काका ओट्यावर बसून घागर चिंचेने घासत होते. दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. घासून झाल्यावर त्यांनी ती माझ्या खांद्यावर ठेवून पाहिली, जरा डावीकडे सरकवली आणि म्हणाले, ‘हितं बसव. हितं हाड लागत न्हाई.’ बस एवढंच. रात्री मी जेवलो ते भाकरीचे दोन घास. एरवी मी दोन भाकरी खाऊन तिसरीची चौकशी करतो.

पहाटे बारवेवर पोचलो तेव्हा काळोख होता. मोबाईलच्या टॉर्च आणि एक मोठी दिवटी. वर कठड्याशी काका काठी टेकून उभे, त्यांच्याशेजारी बायको शालीत गुरफटलेली. मला पायऱ्या उतरवत घेऊन चालला तो धाकट्या पातीतला भाऊ. माझ्याहून थोडा लहान, टेम्पो चालवतो, काष्टीच्या बाजाराला जनावरं नेतो-आणतो. माणूस दिलदार, पण जीभ माझ्याच खानदानातली. तो घरून अंघोळ उरकून, नेसूचं धोतर बदलून आला होता. मी बोललो की घागर त्याच्या खांद्यावर जाणार होती. राखीव खेळाडू म्हणा ना.

‘दादा, अजून येळ हाय,’ तो खालच्या पायरीवर म्हणाला. ‘न्हाई म्हना. आमी हाईच.’

मी शर्ट काढला. दात वाजायला लागले. आणि तेव्हाच मी खाली बघितलं.

पाण्यावरून धूर निघत होता. पांढरा, संथ, दिवटीच्या उजेडात हलणारा. फ्रीजरचं दार उघडलं की खाली उतरतो तसा. गच्चीवरच्या टाकीतून कधी धूर निघालेला मी पाहिला नव्हता. म्हणजे हे पाणी त्याच्याही पलीकडचं होतं. मी वर बघितलं. बायकोचा चेहरा दिसत नव्हता, नुसती शाल. काकांची काठी मात्र स्थिर होती. गुडघे दुखत असताना तो माणूस पहाटे इथवर चालत आला होता.

भावाने घागर बुडवली, भरून वर घेतली. मी डोळे मिटले. चहा समोर आणला. फुंकर सुरू केली. मनात म्हणालो, खंडेराया, शब्द नको, एवढंच.

पाणी पडलं.

मी फुंकर घालत राहिलो. संपली. परत घातली. मग हळूच एक डोळा उघडला. काहीतरी चुकत होतं. खांद्यांवरून, पाठीवरून जे वाहत होतं ते माझ्या ओळखीचं होतं. फार जुन्या ओळखीचं. दिवाळीच्या आधीचं. भावाने दुसऱ्यांदा घागर ओतली आणि माझा संशय पक्का झाला. मी डोळे टक्क उघडले आणि त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे. त्याला माझ्या तोंडावर काय दिसलं देव जाणे, पण तो बारकाईने बघायला लागला, आणि त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

‘कसं हाय दादा पानी?’ त्याने अगदी साळसूदपणे विचारलं. ‘लई गार न्हाई ना?’

आता माझी अवस्था समजून घ्या. गार पाण्यात गप्प राहायची मी तयारी केली होती. हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. माझ्या आत एक वाक्य जन्माला आलं होतं आणि ते बाहेर यायला धडका मारत होतं. मी ओठ दातांत धरले. घागर भरली, खांद्यावर घेतली, काकांनी दाखवली तिथे बसवली, आणि पायऱ्या चढायला लागलो. प्रत्येक पायरीवर ते वाक्य माझ्याबरोबर एक पायरी चढत होतं.

वर आलो आणि खरी थंडी भेटली. ती पाण्यात नव्हतीच. ती वर कठड्यापाशी माझी वाट बघत उभी होती. ओल्या अंगावर उघड्या रानातला वारा लागला आणि माझा श्वास जागेवर थांबला. तोंड उघडलं. आवाज घशापर्यंत आला. आणि इथे, सांगायला आनंद वाटतो, टाकीच्या पाण्याने माझी लाज राखली. फुंकर आपोआप सुरू झाली. लांब, सावकाश. श्वास परत आला. बायको दोन पावलं पुढे आली होती, शाल हातात धरून, पण ती द्यायला परवानगी नव्हती. मी बोटातल्या अंगठीने घागरीवर एकदा वाजवलं. टण. ती मागे सरकली.

वाटेभर धाकट्या पातीने कसर ठेवली नाही. भाऊ म्हणाला, दादा, तुमची नवी गाडी वळणावर लावलीया ना, मागं ट्रॅक्टर येतोय, दिवा घासला बरं का. मागे खरंच ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मी मान वळवली नाही. घागर हिंदकळू नये म्हणून, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे गाडीचं काय झालं ते बघायची हिंमत नव्हती. मग त्यांच्यातली एक म्हातारी आत्या काठी टेकत शेजारी आली आणि तिने एक जुनं प्रकरण उकरलं. ‘तुझ्या लग्नाला मला पत्रिका न्हाई आली. का न्हाई आली, एवढंच सांग आन् जा.’ पत्रिका मी स्वतः नेऊन दिली होती. तिच्या हातात. तिने चहा पण पाजला होता मला. हे सांगायला माझी जीभ टाळूवर आपटत होती, आणि त्याच्यामागे ते दुसरं वाक्य रांगेत उभं होतं. भाऊ मधूनमधून नुसतंच विचारत होता, ‘पानी कसं हुतं?’ त्याला कळलं होतं. माझं दुखणं काट्याचं नाही, ह्याचं आहे हे त्याने बरोबर हेरलं होतं. आणि मागे, गर्दीच्या मागे, काकांची काठी दगडांवर ठक ठक करत येत होती. ती ऐकत मी चालत राहिलो.

देवळाच्या दारात शेवटचा सापळा होता. भावाने देवळाचा माईक आणून माझ्या तोंडासमोर धरला आणि बाहेरच्या कर्ण्यांतून त्याचाच आवाज घुमला. तो अगदी शुद्ध बोलत होता, माझी नक्कल करत. आता आपल्या तालुक्याचे लाडके सूत्रसंचालक दोन शब्द बोलतील, मी त्यांना विनंती करतो. लोक हसले. माझ्यासमोर माईक होता, चालू माईक, वर लाल दिवा. माझ्या आयुष्यात चालू माईकसमोर मी गप्प राहिल्याचं उदाहरण नाही. मी माईकला टेकून, अक्षरशः गालाने बाजूला सारून, आत गेलो.

देवावर पाणी घातलं. सावकाश, धार तुटू न देता. काका येऊन पोचले होते. त्यांनी माझ्या हातातून घागर घेतली, उलटी केली, बुडावर थाप मारली. एक थेंब पडला. परत थाप मारली. काही पडलं नाही. मग त्यांनी भंडाऱ्याची मूठ माझ्या ओल्या कपाळाला लावली, आणि त्यांचा हात तिथेच जरा जास्त वेळ राहिला. त्यांचे ओठ हलत होते. ते काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही.

घागर रिकामी झाली की बंधन संपतं, आणि मानकऱ्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘येळकोट’. मग सगळं गाव ओरडतं, ‘येळकोट, जय मल्हार’. म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. भंडारा मुठीत धरून. भावाने माईक परत समोर धरला होता, ह्या वेळी सरळ मनाने, कारण हरलेलं त्याला मान्य होतं. दारात बायको उभी होती.

पुढे पंचांनी यावर बराच विचार केला. मान थोरल्या पातीकडेच राहिला, कारण घागर आधी रिकामी झाली होती आणि काकांनी ती दोनदा वाजवून दाखवली होती. पण त्या पहाटे कर्ण्यांतून गावभर, शिवारभर आणि थेट हायवेवरच्या ढाब्यापर्यंत जे गेलं ते येळकोट नव्हतं. मी माईकसमोर तोंड उघडलं, काकांच्या डोळ्यांत बघितलं, आणि बारवेपासून गळ्यात अडकलेलं ते वाक्य सुटलं.

‘काका, पानी तर गरम हुतं की!’